वचन सात कुठे गेलं? (३१ मेचं पहिलं वाचन)

धाकटी_होडी | २४ मे, रात्री ९:५०

धागा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

मी आमच्या कॅथलिक चर्चमध्ये वाचक आहे, म्हणजे रविवारच्या उपासनेत बायबलमधला उतारा वाचते. वसईच्या किनाऱ्याकडचं गाव, नाव नको. महिन्यातून एकदा पहिलं वाचन माझ्याकडे येतं. आठवडाभर आधी वाचन कळतं आणि मी ते भाकऱ्या थापताना मोठ्याने म्हणून बघते. कुठे श्वास घ्यायचा, कुठे थांबायचं, हे तव्यापाशीच ठरतं.

येत्या रविवारी पवित्र त्रैक्याचा सण. वाचनांच्या तीन वर्षांच्या चक्रातलं यंदा अ वर्ष, म्हणून बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाचा ३४वा अध्याय. मोशे पहाटे दोन दगडी पाट्या घेऊन सीनाय डोंगर चढतो. पहिल्या पाट्या त्यानेच आपटून फोडल्या होत्या, सोन्याचं वासरू बघून. देव ढगातून उतरतो, त्याच्यासमोरून जातो आणि स्वतःच स्वतःचं नाव पुकारतो: दयाळू, कृपाळू, मंदक्रोध. लगेच मोशे जमिनीपर्यंत वाकतो आणि क्षमा मागतो. सुंदर वाचन आहे.

पण वाचनाच्या डोक्यावर आकडे बघा: ३४:४-६, ८-९. सहानंतर एकदम आठ. सात कुठे गेलं?

सातवं वचन मला पाठ आहे, ते का ते सांगते. माझ्या शब्दांत असं: हजारांवर दया राखणारा, अन्याय, अपराध, पाप यांची क्षमा करणारा, पण दोषीला मुळीच न सोडणारा, बापाच्या अन्यायाचा जाब मुलांना, नातवंडांना, तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत विचारणारा.

माझा धाकटा भाऊ जन्मापासून कर्णबधिर. मी आठ वर्षांची असताना आमच्या आळीतल्या एका बाईंनी पायरीवर बसून, सोललेला लसूण सुपात टाकत टाकत, आईला हे वचन ऐकवलं होतं. "आजोबाने बांध सरकवला, नातू बहिरा जन्माला आला. बायबलमध्येच आहे, मी माझ्या पदरचं नाही सांगत." आई काही बोलली नाही. सूप मात्र मला अजून दिसतं.

म्हणजे चर्चमध्ये हे वचन वाचत नाहीत, पण पायरीवर वाचतात. मला प्रश्न पडलाय की गाळलं ते बरं झालं की वाईट?

---

वचनप्रेमी | २४ मे, रात्री १०:२५

ताई, वाईटच झालं. मी रत्नागिरीचा, प्रोटेस्टंट. आमच्याकडे पाळक अध्याय काढायला सांगतात आणि सगळा अध्याय वाचतात. पवित्र शास्त्र म्हणजे माशाचा तुकडा नव्हे, की काटा काढून मुलाच्या ताटात वाढावा. प्रकटीकरणाच्या शेवटी स्पष्ट ताकीद आहे की या पुस्तकातल्या शब्दांतून जो काही काढून टाकेल त्याचा वाटा देव काढून टाकेल. २२:१८-१९ बघा.

---

निर्मळचे_मास्तर | २५ मे, सकाळी ६:१०

वचनप्रेमी, तुमच्या ताकिदीचीच गंमत सांगतो. क वर्षात पुनरुत्थानकाळाच्या सातव्या रविवारी आमच्याकडे प्रकटीकरणाचा तोच शेवटचा अध्याय असतो. आकडे असे: २२:१२-१४, १६-१७, २०. शब्द गाळू नका सांगणारी अठरा-एकोणीस वचनंच गाळलेली आहेत.

आता गंभीरपणे. १९६९ साली नवी वाचनमाला आली, तीन वर्षांचं चक्र. अ वर्षाला मत्तय, ब ला मार्क, क ला लूक, आणि योहान सणासुदीला. त्याआधी एकाच वर्षाची तीच ती वाचनं, तीही लॅटिनमध्ये, आणि रविवारी जुना करार जवळजवळ नाहीच. माझ्या वडिलांनी मिस्सामध्ये (चर्चमधल्या उपासनेत) मोशेचं नाव क्वचितच ऐकलं असेल. तेव्हा 'कापलं' म्हणण्याआधी किती आणलं तेही बघा.

पण कापलं हे खरं, आणि लपवूनही नाही. वाचनग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीच्या (१९८१) प्रस्तावनेत सरळ म्हटलंय की खरोखर अवघड उतारे रविवारी टाळले आहेत. कारण मेंढपाळाचं: रविवारी प्रवचनाला दहा-बारा मिनिटं, समोर तान्ह्या पोरापासून नव्वदीच्या आजीपर्यंत सगळे. 'बापाचा अन्याय पोरावर' एवढं टाकून फादर सूचनांकडे वळले तर घरी काय जाईल? धाकटी_होडींच्या पायरीवर जे गेलं तेच.

स्तोत्र १३७ घ्या. बाबेलच्या नद्यांकाठी बसून रडणारे लोक, झाडांना टांगलेल्या वीणा. प्रायश्चित्तकाळाच्या चौथ्या रविवारी, ब वर्षात, आपण ते गातो. सहाव्या कडव्यावर थांबतो. सात ते नऊ कोणी गात नाही. शेवटचं कडवं शत्रूच्या बाळांना खडकावर आपटण्याबद्दल आहे.

---

मालवणचो_झिल | २५ मे, सकाळी ८:४०

मालवणीत लिवतंय, सांभाळून घेवा. आमची आजी तिसऱ्या-चौथ्या पिढीचा सांगून आमका झोपवी. देवचाराची (गावच्या राखणदाराची) भीती येगळी, देवाची येगळी. देवचार निदान एक नारळ घेवन गप रवता.

---

डोलकर | २५ मे, दुपारी १:१५

😂 झिला!

मी बोटीवर आहे, रेंज येते-जाते. १ जूनपासून मासेमारी बंदी, त्याआधीच्या शेवटच्या फेऱ्या चालल्यात. होड्या वर घेतल्या की दोन महिने मोकळा, तेव्हा सविस्तर लिहितो.

एकच सांगतो. मीखा संदेष्टा म्हणतो की देव आपली पापं समुद्राच्या तळाशी फेकतो. उपासकाळात हे वाचन ऐकलं की आम्ही डोलवाले (डोल म्हणजे पिशवीसारखं जाळं) एकमेकांकडे बघतो. समुद्रात फेकलेलं जातं कुठे ते आम्हाला विचारा. भरतीला डोल लावली, ओहोटीला वर घेतली, की पिशवीत बोंबील-जवळ्याबरोबर चपला, दुधाच्या पिशव्या, एकदा तर प्लास्टिकची अख्खी खुर्ची आली. मीखा डोलवर आला असता तर दुसरी उपमा शोधली असती.

---

शनवार_तेली | २५ मे, रात्री ११:०५

मी ख्रिस्ती नाही, तरी या धाग्यात घुसतोय, कारण निर्गम ३४ आमचंही दुखणं आहे आणि आमचंही औषध. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला ज्यू, अलिबागचा. आता राहतो मुंबईत, पण किप्पूरला (आमचा प्रायश्चित्ताचा उपासाचा दिवस) जमेल तेव्हा अलिबागच्या मागेन अबोथ सिनेगॉगला जातो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: इस्रायल आळीतलं. आमचे पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून शनवार तेली.

किप्पूरच्या दिवशी, उपाशीपोटी, आम्ही हीच दोन वचनं पुन्हा पुन्हा म्हणतो. देवाचे तेरा गुण म्हणतात त्यांना. आता ऐका. आम्ही सातवं वचन पूर्ण गाळत नाही. आम्ही ते मध्येच तोडतो, आणि तेही असं की आपल्या वकिलाने टाळी द्यावी.

हिब्रूत तिथे 'व-नक्के लो येनक्के' आहे. 'नक्के' म्हणजे निर्दोष सोडणं. तेच क्रियापद दोनदा, दुसऱ्या वेळी नकारासह, म्हणजे 'मुळीच सोडणार नाही'. मराठीत अगदी तसंच आपण म्हणतो: सोडता सोडत नाही. आमच्या प्रार्थनेत 'व-नक्के' म्हणून थांबतात. 'सोडता सोडत नाही' यातलं 'सोडता' एवढंच म्हणायचं आणि गप्प बसायचं. झालं, न सोडणारा देव सोडणारा झाला! ही मोडतोड किती जुनी आहे बघा, शेकडो वर्षं लोक तीच म्हणताहेत, आणि देवाने अजून हरकत घेतलेली नाही.

आणखी एक. तुमचं 'मंदक्रोध' हिब्रूत 'एरेख अप्पाइम' आहे. शब्दशः लांब नाकाचा. राग नाकावर असतो हे आपल्याला सांगायला नको. नाक लांब असलं की राग शेंड्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. आणि 'रहूम', दयाळू, हा शब्द 'रेहेम' म्हणजे आईची कूस, तिच्याशी जोडलेला. म्हणजे देवाच्या नावात आधी आईची कूस येते, मग लांब नाक.

---

धाकटी_होडी | २५ मे, रात्री ११:३०

शनवार_तेली, तुम्ही घुसलात ते फार बरं केलंत. लांब नाकाचा देव मी आता आयुष्यभर विसरणार नाही. रविवारी 'मंदक्रोध' वाचताना हसू आलं तर जबाबदार तुम्ही.

---

निर्मळचे_मास्तर | २६ मे, सकाळी ६:०५

वाक्य मध्ये तोडायची परंपरा आमच्याही घरात आहे, आणि तोडणारा साधासुधा नाही.

लूक ४. नाझरेथच्या सभास्थानात येशूच्या हाती यशयाची गुंडाळी देतात. तो ६१वा अध्याय काढतो: गरिबांना सुवार्ता, बंदिवानांना सुटका, आंधळ्यांना दृष्टी, परमेश्वराच्या कृपेचं वर्ष. आणि गुंडाळी बंद करतो. यशयाचं वाक्य तिथे संपत नाही. 'कृपेचं वर्ष' याला लागूनच 'आमच्या देवाच्या सूडाचा दिवस' आहे. येशूने वर्ष वाचलं, दिवस वाचला नाही.

हे वाचन गेल्या वर्षी २६ जानेवारीला आलं होतं, क वर्षाचा तिसरा रविवार. झेंडावंदन उरकून आम्ही चर्चला गेलो होतो म्हणून लक्षात आहे. नाझरेथकरांना पूर्ण वाक्य पाठ असणार. पुढच्याच उताऱ्यात ते त्याला कड्यावरून ढकलायला नेतात. ते गाळलेल्या शब्दांमुळे असं लूक म्हणत नाही. येशूने परक्यांना, सारफथच्या विधवेला आणि सिरियाच्या नामानाला, दया दाखवल्याच्या गोष्टी काढल्या म्हणून. पण मला दोन्ही एकच वाटतं. शत्रूचा हिशोब होणार असं ऐकायला आलेल्यांना शत्रूची भाकर दिसली.

---

वचनप्रेमी | २६ मे, सकाळी ९:२०

मास्तर, मान्य. पण प्रभूने गाळणं आणि समितीने गाळणं यात फरक आहे.

आणि योना विसरलात. योना ४:२. निनवे शहर नाशातून वाचल्यावर योना चिडून देवाला म्हणतो, मला माहीतच होतं तू कृपाळू, दयाळू, मंदक्रोध आहेस, म्हणून तर मी पळालो होतो. म्हणजे तो निर्गम ३४:६ तक्रार म्हणून म्हणतो! आणि त्याच निनवेबद्दल नहूम काय म्हणतो? मंदक्रोध आहे, पण दोषीला सोडणार नाही. नहूम १:३. शहर तेच, वचन तेच. एकाने पहिला अर्धा उचलला, दुसऱ्याने दुसरा. निनवे शेवटी इ.स.पू. ६१२ मध्ये पडलं. तुमच्या रविवारच्या वाचनांत नहूम आहे का?

---

निर्मळचे_मास्तर | २६ मे, सकाळी ९:४५

नाही. रविवारी नहूम नाही. योना आहे, पण तिसरा अध्याय. त्याची चिडचिड रविवारी ऐकू येत नाही. हरलो.

---

शनवार_तेली | २६ मे, दुपारी १२:१०

आम्ही किप्पूरच्या दुपारी योना पूर्ण वाचतो, चिडचिडीसकट. उपासाला चोवीस तास होत आलेले असतात, त्यामुळे त्याच्या चिडण्याशी सगळे सहमत असतात.

---

कोळंबीवाली | २६ मे, दुपारी ३:३०

अब्राहामाचं वाचन कोणालाच आठवलं नाही? गेल्या जुलैत झालं. सदोमसाठी पन्नास धार्मिकांपासून सुरुवात, मग पंचेचाळीस, चाळीस, तीस, वीस, दहा. मी पंचवीस वर्षं पाटीवर बसते. असं गिऱ्हाईक आलं की मला कळतं, याला कोळंबी घ्यायचीच आहे. आणि देव काय विकणारा! एकदाही 'जा, दुसरीकडे बघ' म्हणाला नाही.

---

निर्मळचे_मास्तर | २७ मे, सकाळी ६:२०

धाकटी_होडींच्या मूळ प्रश्नाकडे येतो.

पिढ्यांवर शाप, या वचनाशी बायबल स्वतःच भांडलेलं आहे. यहेज्केल १८: बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि पोरांचे दात आंबले, ही म्हण आता इस्राएलात कोणी म्हणायची नाही. जो पाप करेल तोच त्याचा जाब देईल. बापाचं पोरावर नाही, पोराचं बापावर नाही. (आपल्याकडे द्राक्षांऐवजी करवंदं ठेवा, दात तेवढेच आंबतात.) त्याच अध्यायाचा तुकडा येत्या २७ सप्टेंबरला पहिलं वाचन आहे.

आणि योहान ९, जन्मांध माणूस. शिष्य विचारतात, गुरुजी, पाप कोणी केलं, याने की याच्या आईबापांनी? उत्तर: याने नाही, आईबापांनीही नाही. हे शुभवर्तमान यंदा १५ मार्चला सगळ्या चर्चमध्ये वाचलं गेलं. त्या लसूणवाल्या बाई तेव्हा कुठल्या बाकावर होत्या, कोण जाणे.

---

धाकटी_होडी | २७ मे, सकाळी ७:१५

बाई आता नाहीत, मास्तर. शेवटच्या आजारात माझी आईच त्यांना पेज नेऊन द्यायची.

---

खार_जमीन | २७ मे, रात्री १०:४०

पहिल्यांदाच लिहितोय. भावाबद्दल त्या बाई जे बोलल्या ते क्रूर होतं. त्यावर वाद नाही.

पण धागा चार दिवस चाललाय. नाक झालं, कूस झाली, कोळंबी झाली. एक प्रश्न कोणीच विचारला नाही.

बांध खरंच सरकवला होता का?

मी रायगडचा. आमचा बांध सरकवला गेला आहे. माझ्या आजोबांच्या काळात, एकेका पावसाळ्यात वीतभर. चिखलणीला माणूस बांधाची एक कड छाटतो आणि माती दुसऱ्या कडेला लिंपतो, बास. रात्री नाही, दिवसाढवळ्या. तक्रार करायला कोर्टात जायची आमची ऐपत नव्हती. ज्यांनी सरकवला ते आमच्याच मंडळीतले, पुढच्या बाकावर बसणारे. मी लहानपणी चर्चमध्ये 'दयाळू, कृपाळू' ऐकलं की मनात म्हणायचो, कोणावर? त्यांच्यावरच ना?

'दोषीला मुळीच सोडणार नाही' हे वाक्य माझी आजी रोज संध्याकाळी दिवा लावून वाचायची. तिला ते भीतीचं वाटत नसे. तिच्याकडे तेवढंच होतं. सातबारा नव्हता, वचन सात होतं.

तुम्ही वचन गाळता तेव्हा शाप गाळता असं तुम्हाला वाटतं. आमच्यासाठी कोर्ट गाळता.

आणि तिसऱ्या-चौथ्या पिढीचं गूढ काही नाही. त्या दीड-दोन हातांवर पिकलेला तांदूळ त्यांच्या तीन पिढ्यांनी खाल्लाय. त्यातली एकही चोर नव्हती, खाल्ला मात्र सगळ्यांनी.

---

वचनप्रेमी | २७ मे, रात्री ११:१०

बायबलातलं अनुवाद हे पुस्तक, २७:१७. शेजाऱ्याची हद्द सारणारा शापित असो, आणि सर्व लोकांनी आमेन म्हणावं. मी याहून जास्त काही लिहीत नाही.

---

व्यवस्थापक | २८ मे, सकाळी १०:००

धागा चांगला चाललाय. दोन प्रतिसाद उडवले आहेत (कोणत्या धर्मात किती गाळलंय याची मोजदाद). विषय निर्गम ३४ आहे.

---

धाकटी_होडी | ३१ मे, दुपारी ४:२०

चार दिवस लिहिलं नाही. खार_जमीन यांचा प्रतिसाद वाचून फोन उलटा ठेवला होता.

आधी आजचं सांगते. वाचन पुस्तकात आहे तसंच वाचलं. स्वतःच्या मनाने वचन घालायचा अधिकार वाचकाला नाही आणि नसावाही. आज मी सात घालीन, उद्या दुसरा कोणी आठ काढील. पण सहा संपल्यावर मी थांबले. भाकरी उलटायला लागतो तेवढा वेळ. पुढच्या बाकावरच्या एका आजीने चष्म्यावरून बघितलं, पानं चिकटली की काय म्हणून.

फादरांना मी शुक्रवारी हा धागा दाखवला होता (नावं नाहीत, काळजी नको). प्रवचनात त्यांनी शुभवर्तमानावर भर दिला, योहान ३:१६-१८. देवाने पुत्राला जगाचा न्याय करायला पाठवलं नाही. पण अठराव्या वचनात विश्वास न ठेवणाऱ्याचा न्याय होऊन चुकला आहे असंही आहे, आणि ते कोणी गाळलेलं नाही. मग म्हणाले, आजच्या पहिल्या वाचनात एक वचन नाही, घरी जाऊन वाचा, आणि आपण ज्यांचं काही देणं लागतो त्यांची नावं घेऊन वाचा. एवढंच. दोन मिनिटंही नाहीत.

आता भाऊ. लहानपणापासून तो चर्चला स्वतःचं बायबल नेतो, कारण वाचनपीठावरच्या माणसाचे ओठ त्याला लांबून वाचता येत नाहीत. बाबा बोटाने अध्याय दाखवायचे, आता तो स्वतः काढतो. आज माझ्या डोक्यात लख्ख पडलं की अख्ख्या चर्चमध्ये गाळलेलं वचन न गाळता वाचणारा तो एकटाच असतो. आम्ही ऐकतो, म्हणून आमचं सुटतं. त्याचं सहा, सात, आठ सलग.

जेवताना त्याला विचारलं. (आमची घरची खूणभाषा आहे, जे जमत नाही ते मोबाईलवर लिहून.) त्याने बायबल आणून दाखवलं. सातव्या वचनात एकाच शब्दाखाली पेन्सिलीची रेघ, खूप जुनी, पुसट झालेली. 'हजारो'. खाली समासात लहान मुलाच्या अक्षरात वजाबाकी: १००० - ४ = ९९६.

मग त्याने बोटं मोजली. आजोबा, बाबा, तो, आणि त्याची मुलगी. चौथी पिढी. चौथी पिढी साडेचार वर्षांची आहे, तिला सगळं ऐकू येतं आणि ती झोपेतही बोलते. त्याने तिच्याकडे बोट दाखवून दोन्ही कानांवर हात ठेवले, म्हणजे, देवा, पुरे कर ही शिक्षा. आई इतकी हसली की तिला ठसका लागला.

---

डोलकर | १ जून, सकाळी ८:००

९९६! होडी ओढून झाली, पाठ मोडलीय, हे वाचलं आणि बरं वाटलं.

---

खार_जमीन | १ जून, रात्री ९:१५

वाचलं. भावाला नमस्कार सांगा.

माझा प्रश्न राहिला.

---

धाकटी_होडी | ७ जून, रात्री १०:०५

राहिला नाही. उत्तर मिळवायला आठवडा लागला.

बाबांना विचारलं. ते ओटीवर बियाण्याचा भात मिठाच्या पाण्यात टाकून पोचट दाणे काढत होते. मी विचारलं, आजोबांनी बांध सरकवला होता का? बाबा बराच वेळ पाण्यावर आलेले दाणे बोटाने गोळा करत राहिले. मग म्हणाले, "दीड हात. पूर्वेचा. मी दहा वर्षांचा होतो, कुदळ मीच धरली होती."

मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी त्या बाईंचं अख्खं वाक्यच खोटं धरून बसले होते. अर्धं खरं होतं. ज्या शेजाऱ्याचा बांध, ते काका अजून आहेत, आमच्या लग्नकार्याला येतात, आणि त्यांनी माझ्या भावाबद्दल कधी एक शब्द काढलेला नाही. बोलल्या त्या तिसऱ्याच बाई.

खार_जमीन, तुम्ही विचारलं नसतं तर मी हा धागा 'गाळलं ते बरंच झालं' म्हणून बंद केला असता.

---

खार_जमीन | ७ जून, रात्री १०:३०

कुदळ धरलेल्या दहा वर्षांच्या मुलाबद्दल मी कधी विचार केला नव्हता. आमच्या बांधावरही असा एखादा मुलगा असेल.

---

निर्मळचे_मास्तर | १५ जुलै, सकाळी ६:१५

धागा वर काढतो, कारण रविवारी, १९ जुलैला, पुन्हा हाच विषय वेगळ्या कपड्यांत येतोय. मत्तय १३, गव्हातलं निदण. लोक झोपलेले असताना वैरी येऊन गव्हात निदण पेरून जातो. चाकर म्हणतात उपटू का. मालक म्हणतो, नको, निदणाबरोबर गहूही उपटाल, कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या. जोडीला पहिलं वाचन शलमोनाच्या ज्ञानग्रंथातून, अध्याय १२: तू बलवान असूनही सौम्यतेने न्याय करतोस, पापानंतर पश्चात्तापाला जागा ठेवतोस. (वचनप्रेमी, हा ग्रंथ तुमच्या बायबलात नाही. तेव्हा यावेळी गाळणारे तुम्ही.)

इथे न्याय रद्द नाही, पुढे ढकललेला आहे. शेवटी निदणाच्या पेंढ्या बांधून जाळतातच.

---

वचनप्रेमी | १५ जुलै, सकाळी ८:३०

ठोसा बसला. 🙏

---

मालवणचो_झिल | १५ जुलै, सकाळी ९:०५

आमच्या बापाशीन ह्या ऐकला आणि म्हणालो, "ह्यो मालक शेतकरी नसतलो." बेणणी नाय केल्यार कापणीक भात मिळतला काय पाखड?

---

डोलकर | १५ जुलै, दुपारी १२:४०

झिला, आमच्याकडे मत वेगळं. माझ्या सासरी शेत आहे. देवभात बघितलंयस? डबक्यात, पाणथळीत आपोआप उगवतं. शेतात शिरलं तर लोंबी येईपर्यंत भातापासून ओळखू येत नाही, आणि पिकलं की दाणा हात लागताच गळून जातो. कोवळं असताना उपटायला गेलास तर हातात काय येईल सांगता येत नाही. आणि नाव काय ठेवलंय लोकांनी? देवभात. तण म्हणाले नाहीत.

---

धाकटी_होडी | १९ जुलै, संध्याकाळी ६:५०

आज वाचन माझं नव्हतं, मी मागे बसले होते. लावणी परवाच संपली, कंबर सरळ होत नाही. आवण (भाताची रोपं) कमी पडलं तर काकांकडून दोन जुड्या आणल्या, हो, त्याच काकांकडून.

सांगायचं ते असं. बाबा जूनमध्येच, राबात बियाणं टाकायच्या आधी, त्यांच्याकडे जाऊन आले. मला बरोबर नेलं नाही, भावाला नेलं. भाऊ म्हणतो (खुणेने) की बाबा उंबऱ्यावरच उभे राहिले आणि हाताने दीड हात दाखवला. काकांनी आत बोलावलं, पाट दिला. काका म्हणाले, "ते माझ्या बापाला माहीत होतं, मलाही माहीत आहे. यंदा पेरणी तोंडावर आली, आता बांध हलवला तर दोघांचंही पाणी जाईल. कापणी होऊ दे. मग बघू."

बाबा तेव्हापासून रोज पूर्वेच्या बांधावर जाऊन उभे राहतात. काय बघतात माहीत नाही. आवण हिरवं धरलंय, दोन्ही बाजूंना सारखंच.

---

खार_जमीन | १९ जुलै, रात्री ८:२०

'मग बघू' वर सोडू नका. कापणी झाली की दोघांनी मिळून भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज टाका, दोघांच्या सह्यांनी. काका आहेत तोवर. खुणेचे दगड पुरले की फोटो काढून ठेवा.

---

धाकटी_होडी | १९ जुलै, रात्री ८:४५

कापणी ऑक्टोबरमध्ये. अर्जाला काय काय कागद लागतात, यादी द्याल का?